सिंकखाली एकदा वाकून बघा

गणपतीला गावी निघताना आपण गॅसचा रेग्युलेटर बंद केला का ते तीनदा बघतो. खिडक्यांच्या कड्या लावतो, दाराला दोन कुलपं घालतो, समोरच्या काकूंकडे किल्ली ठेवतो. पाण्याची मुख्य चावी मात्र फार थोडे लोक बंद करतात. कित्येक घरांत ती नेमकी कुठे आहे हेच कुणाला सांगता येत नाही. मग घर आठ दिवस बंद, आणि तिकडे आरती चालू असताना वॉचमनचा फोन येतो, की तुमच्या दाराखालून पाणी येतंय आणि खालच्या मजल्यावरचे लोक चिडलेत.

अशा वेळी फुटलेलं काय असतं? भिंतीतला पाईप एका रात्रीत फुटणं क्वचितच होतं. तो महिनोन्‌महिने पाझरतो, ओल दाखवतो, आपल्याला सावध होण्याची पुरेशी संधी देतो. अचानक दगा देतो तो बेसिनखालचा, गिझरचा किंवा फ्लशच्या टाकीचा दीड-दोन फुटांचा कनेक्शन पाईप. दुकानात दोरीला लटकवलेला असतो तोच, वर स्टीलच्या तारांची जाळी आणि दोन्ही टोकांना नट. बाथरूमच्या टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घालणारा माणूस हा पाईप मात्र प्लंबर आणेल तो घेतो, आणि प्लंबर बहुतेक वेळा स्वस्तातला आणतो. त्याचाही दोष नाही. त्याला कुणी विचारतच नाही.

हा पाईप इतका महत्त्वाचा का, तर त्याच्यावर दिवसरात्र दाब असतो म्हणून. नळ बंद केला की पाणी नळाशी थांबतं. भिंतीवरच्या अँगल कॉकपासून नळापर्यंतचा पाईप तसाच भरलेला आणि ताणलेला राहतो. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ किलोचा दाब येतो, तोही दर चौरस सेंटीमीटरला. सात मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून पहिल्या मजल्यावर येणाऱ्या पाण्याला जवळपास २ किलोचा दाब असतो. वीस मजली टॉवरमध्ये तो खालच्या मजल्यांवर ५-६ किलोंपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिथे खालच्या मजल्यांच्या लाईनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात. तुम्ही टॉवरच्या खालच्या मजल्यांवर राहत असाल, नळ उघडताच पाणी अंगावर उडत असेल आणि जेट स्प्रेची नळी वर्षा-सहा महिन्यांनी फुटत असेल, तर नळीचा ब्रँड बदलत बसू नका. कमिटीला सांगून तो व्हॉल्व्ह तपासून घ्या.

आता पाईप घ्यायचा कसा. आमच्या सोसायटीत एका घरातला फुटलेला पाईप मी कापून बघितला होता. बाहेरून जाळी बऱ्यापैकी चकचकीत होती, पण नटाच्या अगदी कडेला, जिथे जाळी दाबून धरणारी टोपी असते तिथे, तपकिरी ठिपके पडले होते आणि चार-पाच तारा तुटून वर आल्या होत्या. आतली नळी रबराची नव्हती, प्लास्टिकची होती. बोटाने वाकवल्याबरोबर तिला चिरा गेल्या. म्हणजे दाब पेलण्याचं सगळं काम जाळी करत होती, आणि जाळीला गंज चढल्यावर आतल्या नळीला कुणाचाच आधार उरला नाही.

जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवी, आतली नळी ईपीडीएम रबराची हवी आणि नट पितळेचे हवेत. या तीन गोष्टी पाकिटावर छापलेल्या नसतील तर तो पाईप परत टांगायला सांगा. खिशात लोहचुंबक असेल तर लावून बघा; तो खटकन चिकटला तर जाळी बहुधा साध्या लोखंडाची आहे. पण न चिकटला म्हणजे स्टेनलेस स्टीलच असंही नाही, कारण ॲल्युमिनियमच्या तारेलाही चुंबक चिकटत नाही. तिथे हाताचा अंदाज कामाला येतो. ॲल्युमिनियमचा पाईप हलका लागतो आणि जाळी नखाने सहज सरकते. जस्ताच्या मिश्रधातूचा नटही वरून पितळेसारखाच चमकतो, पण दोन वर्षांनी पान्हा लावला की बिस्किटासारखा तुटतो. चांगल्या आणि स्वस्त पाईपमध्ये शे-दीडशे रुपयांचा फरक असतो. खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगचा खर्च काय येतो ते एकदा विचारून ठेवा, म्हणजे हा फरक जड वाटणार नाही.

लांबीही नीट बघून घ्या. १८ इंच लागतात तिथे १२ इंची पाईप ताणून बसवला की नटाशी कायमचा ओढा राहतो. २४ इंची कोंबला की त्याची मान मुरगळते. दोन्ही प्रकारांत पाईप मोडतो तो नटाजवळच. पाईपला सैलसर वळण हवं, पीळ अजिबात नको. आणि त्याच्या नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळणारा प्लंबर दिसला तर त्याला नम्रपणे थांबवा. इथे पाणी अडवतो तो नटाच्या आतला रबरी वॉशर. टेपने आटे जाड होतात, नट पुरता बसत नाही आणि मग तो पान्ह्याने नको तितका आवळला जातो. हाताने घट्ट करायचं, मग पान्ह्याने जेमतेम पाव फेरा, बस. टेपची जागा वेगळी आहे: अँगल कॉक भिंतीतल्या आट्यांत बसतो तिथे. तिथेही टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर कॉक बसवताना ती उलगडत जाते.

पाईप बसवला की त्याच्यावर पक्क्या मार्करने महिना आणि साल लिहा. पाच वर्षं झाली की दिसायला ठीक असला तरी बदला. संडासातला तर आधीच बदला, कारण तिथे आपण फरशी धुवायला ॲसिड ओततो आणि त्याची वाफ स्टेनलेस स्टीललाही खाते. ॲसिड वापरायचंच असेल तर नंतर कॉक, पाईप आणि जाळी साध्या पाण्याने धुऊन काढा.

याच ओघात जेट स्प्रे. आपण काय करतो, बोटाने खटका सोडतो आणि स्प्रे हुकाला अडकवतो. म्हणजे ती प्लास्टिकची नळी दिवसभर दाबाखाली. तिची बनावट तेवढ्यासाठी नसते. वापर झाला की अँगल कॉक बंद करावा, आणि घरातल्या मुलांनाही ती सवय लावावी. रोज कुणी करत नाही हे मला माहीत आहे. निदान रात्री झोपताना आणि घराबाहेर पडताना करा.

वॉशिंग मशीनचंही तेच. कपडे धुऊन झाले की मशीनचा नळ बंद. मशीनच्या मागच्या नळीकडे आपली नजर कधी जातच नाही, कारण मशीन भिंतीला टेकवलेलं असतं आणि नळी दोघांच्या मध्ये चेमटलेली. ते वीतभर पुढे ओढा. मशीन पाणी घेता घेता थांबतं तेव्हा भिंतीत धप्प असा आवाज होत असेल, तर तो वाहतं पाणी झटक्यात अडल्याचा धक्का असतो आणि तो प्रत्येक जोडाला बसतो. नळ पूर्ण न उघडता अर्धाच उघडा ठेवला की आवाज बराच कमी होतो. आरओच्या पाण्याची ती पांढरी बारीक नळी नुसती खोचून बसवलेली असते. दोन दिवसांसाठी जरी बाहेर जाणार असाल तरी तिचा छोटा कॉक बंद करा.

गिझरबद्दल एक उलट गोष्ट सांगायची आहे. पाणी तापताना गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात आणि लोक ती गळती समजून तिथे बूच मारायला सांगतात. ते कधीही करू नका. पाणी तापलं की फुगतं, आणि वाढलेला दाब बाहेर जायला तेवढी एकच वाट असते. थेंब त्रासदायक वाटत असतील तर व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. मात्र गिझर बंद असतानाही धार चालू राहिली तर व्हॉल्व्ह खराब झाला आहे किंवा लाईनला दाब जास्त आहे. तेव्हा माणूस बोलवा.

आता त्या मुख्य चावीकडे येऊ. फ्लॅटमध्ये ती बहुधा डक्टमध्ये, बाथरूमच्या दारावरच्या माळ्यावर किंवा भिंतीत दडवलेल्या व्हॉल्व्हच्या रूपात असते. जुन्या इमारतींत घरात चावीच नसते, थेट गच्चीवर प्रत्येक खाली येणाऱ्या लाईनचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. या रविवारी ती शोधा. बंद करा, सगळे नळ उघडून पाणी खरंच थांबलं का ते बघा, पुन्हा उघडा. जुना गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर तो वर्षानुवर्षं न फिरवल्याने बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे पाणी घरभर झालेलं असताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. अशा ठिकाणी पाव फेऱ्यात बंद होणारा दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. घरातले अँगल कॉकही दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद-उघड करा. बोअरच्या जड पाण्यात क्षार साचून ते जागीच धरतात. गच्चीवर व्हॉल्व्ह असेल तर त्यावर फ्लॅट नंबर रंगवा. रात्री दोन वाजता वॉचमनने टॉर्च घेऊन कुठली चावी फिरवायची हे त्याला कळलं पाहिजे.

आणि पाणी छताच्या दिव्यापर्यंत किंवा स्विचबोर्डापर्यंत पोचलं असेल तर बादली शोधण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा.

ज्यांच्याकडे बाथरूम फोडून नवं करायचं काम निघालंय त्यांच्यासाठी भिंतीतल्या पाईपांबद्दल. जुन्या घरांत जीआय पाईप असतात. त्यांच्यात पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम आणि लाल जड. अनेक ठिकाणी पैसे वाचवायला हलके टाकलेले आहेत, आणि ते आतून गंजत गंजत बारीक होत जातात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येणं, एकाच नळाला धार कमी होणं ही त्याची लक्षणं. तिथे एक जोड बदलून भागत नाही. एक जोड उघडताना शेजारचा हलतो आणि पंधरा दिवसांनी तो गळतो. टाइल्स निघणारच असतील तर त्या बाथरूमची सगळी लाईन बदला.

हल्ली बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी टाकतात आणि घरासाठी ते चांगलं आहे. ते ९३ अंशांपर्यंतचं गरम पाणी सोसतं. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी. तो थोडा स्वस्त म्हणून गिझरच्या लाईनला लावला तर मऊ पडून जोडाशी सुटतो. सीपीव्हीसीचा पाईपही थेट गिझरला जोडू नये, मध्ये वीतभर तरी धातूचा तुकडा हवा. जिथे नळ किंवा कॉक बसणार तिथला एल्बो पितळेचे आटे असलेला घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत नळ आवळला की आज ठीक वाटतं, पण बारीक चीर जाते आणि ती सहा महिन्यांनी टाइल्सच्या मागे बोलायला लागते. प्लास्टिकच्या आट्यांना सफेदा आणि सूत लावू नका, तो जीआयचा उपाय आहे. सॉल्व्हंट सीपीव्हीसीचं वेगळं, यूपीव्हीसीचं वेगळं. डब्यातलं घट्ट झालेलं सॉल्व्हंट पातळ करून वापरणाऱ्याला नवा डबा आणून द्या. जोड मारल्यावर लगेच पाणी सोडायची घाई नको, एक दिवस जाऊ द्या.

एवढं करून सगळ्यात मोठी चूक शेवटी होते: लाईन तपासायच्या आधीच प्लास्टर चढतं. प्लंबरकडे हाताने मारायचा प्रेशर टेस्टिंगचा पंप असतो. सगळी तोंडं प्लगने बंद करायची, नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी दाब भरायचा आणि पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा रात्रभर उतरतो का ते बघायचं. काटा उतरला नाही की मगच गवंड्याला बोलवायचं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी उघडून धरा. चार वर्षांनी टॉवेलचा रॉड लावायला कुणी ड्रिल घेऊन येईल तेव्हा तो फोटो उपयोगी पडेल. फोटो नसेल तर साधा नियम असा, की नळाच्या किंवा कॉकच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडायचं नाही. गच्चीवरून उघड्यावर गेलेले प्लास्टिकचे पाईप उन्हाने ठिसूळ होतात. त्यांना पाण्यात कालवायचा इमल्शन रंग मारा, ऑईलपेंट नको. त्यातली द्रव्यं सीपीव्हीसीला मानवत नाहीत.

नवीन फ्लॅट असेल तर आपल्या खर्चाने भिंत फोडायच्या आधी कागद काढा. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत कामातला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा, असं २०१६च्या रेरा कायद्यातलं कलम १४ सांगतं. तोंडी नको, लेखी कळवा.

खालच्या घराच्या छताला ओल आली की सोसायटीत जे सुरू होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वरचे म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे, खालचे म्हणतात मग हे पाणी आभाळातून येतं का. इथे भांडण्याआधी एक साधी परीक्षा करा. वरच्या घराची मुख्य चावी रात्री बंद ठेवा. ठिबकणं सकाळपर्यंत मंदावलं तर दोष पुरवठ्याच्या लाईनमध्ये. चावी चालू असो वा बंद, आंघोळी झाल्यानंतरच ओल वाढत असेल तर दोष सांडपाण्याच्या पाईपमध्ये किंवा फरशीच्या सांध्यात. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीत. मात्र एका रात्रीवर निकाल देऊ नका. बाथरूमखालच्या संकनमध्ये, म्हणजे फरशीखालच्या खोलगट भागात, पाणी साठून राहतं आणि चावी बंद केल्यावरही दोन-तीन दिवस झिरपतं. दोन्ही घरांनी मिळून खडूने ओलीची कड आखावी, तारीख घालावी, आठवडाभर बघावं. खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींचा साधा अर्थ असा की सामाईक लाईनची आणि पावसाची गळती सोसायटीची, आणि सदनिकेच्या आतल्या नळ-पाईपांची ज्याची त्याने. आणि खालून छताला कसलंही वॉटरप्रूफिंग थापू नका. वरचं पाणी थांबलेलं नसतं, ते फक्त दुसरीकडून बाहेर येतं.

बारीक गळती शोधायला यंत्र लागत नाही. सिंकखाली वाका, प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा फिरवा. जिथे तो ओला होतो तिथे गळती. नटावर हिरवट-पांढरा थर जमला असेल तर तिथून बरेच दिवस पाझर आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. मीटर असेल तर सगळे नळ बंद करून त्यावरचं बारीक चाक बघा, ते फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. बंगल्यात प्रेशर पंप असणाऱ्यांना तर रात्रीच्या शांततेत कळतं: कुणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच दोन सेकंद घूं करून थांबतो. लाईन गळत असेल, नाहीतर पंपाचा उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवा. २०० मिलीचा पेला अर्ध्या तासात भरला तर दिवसाला साडेनऊ लिटर, महिन्याला तीनशेच्या घरात. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत हा हिशेब जिन्याजवळच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

शेवटी चाळीत, वाड्यात आणि जुन्या बैठ्या घरांत राहणाऱ्यांसाठी, कारण त्यांची गळती पैशांपुरती राहत नाही. रस्त्यातल्या लाईनपासून घरापर्यंतची आपली नळजोडणी बऱ्याचदा गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली असते. दिवसात तास-दोन तास पाणी येतं तोवर पाईपमध्ये दाब असतो आणि छिद्रातून पाणी बाहेर जातं. पाणी गेलं की पाईप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि त्याच छिद्रातून गटाराचं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी पहिली बादली गढूळ किंवा वासाची येते ती अशी. त्यातच कुणी थेट नळाला मोटार लावली तर ओढ आणखी वाढते, स्वतःच्या घरातही आणि शेजाऱ्यांच्याही. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर या वाटेने घरात येतात. हा मुख्य लाईनपासून मीटरपर्यंतचा तुकडा स्वतः खणून जोडू नका. पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अर्ज द्या, गटारातल्या पाईपचा फोटो जोडा, गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घ्या आणि परवानाधारक प्लंबरकडून तो गटाराच्या वरून, वेगळ्या वाटेने घालून घ्या. काम पुरं होईपर्यंत पहिली बादली झाडांना घाला, आणि पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावरच खाली उतरवा.